करोडगिरीच्या घरातलं कुंकू

आधीच सांगून टाकते, नंतर गैरसमज नको. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता आणि आजही तो बसलाय असं मी म्हणणार नाही. मी ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते, आदिलाबादला. वर्गात तेलुगू, बाजारात हिंदी आणि घरी मराठी असं आमचं चालतं. माझ्या सासऱ्यांच्या आजोबांपासून आम्ही इथलेच. कुणाच्या अंगात आलं असं कानावर आलं, की मी पहिल्यांदा विचारते, "सकाळपासून काही खाल्लं होतं का तिनं?" भुताची गोष्ट रंगात आणणाऱ्याला मी इतके प्रश्न विचारते, की शेवटी भूत राहतं बाजूला आणि तो माणूसच उठून जातो. त्यामुळे हे सगळं मी लिहितेय यावर माझ्या ओळखीच्यांचा विश्वास बसणार नाही. न बसो.

घडलं ते भर दुपारी, बारा-साडेबाराच्या उन्हात. अमावस्या नव्हती, वारा नव्हता, कुत्रं रडत नव्हतं. ती तयारी कुणी केली असेल तर ती तेवढी मनातून काढून टाका.

थोडी मागची हकीकत सांगावी लागेल. माझे मिस्टर जाऊन काही वर्षं झाली. एकच मुलगी, मृण्मयी, हैदराबादला नोकरी करते. तिचं लग्न वैशाखात ठरलं होतं. कन्यादान कुणी करायचं हा प्रश्न आमच्या घरात कुणी विचारलाच नाही, कारण उत्तर सगळ्यांना आधीच ठाऊक होतं... माझे दीर आणि जाऊ. दीर भला माणूस. म्हणाले, "वयनी, दादाच्या मागं आमी आहो ना. तुमी फक्त खुर्चीवर बसून पाहा." मृण्मयी एकदा भांडली. "आई असताना काकू का?" म्हणाली. मीच तिला गप्प केलं. म्हटलं, मला काहीसुद्धा फरक पडत नाही, विधी म्हणजे विधी, त्यात काय एवढं.

फरक पडत होता. फार पडत होता. पण मी ते स्वतःलाही ऐकू येऊ देत नव्हते.

आता माझी एक पद्धत सांगते. आमच्याकडे घरी आलेल्या बाईला कुंकू लावल्याशिवाय जाऊ देत नाहीत. मराठी लोकांकडे कुंकू, तेलुगू लोकांकडे बोट्टु, प्रकार एकच. कुंकवाची थाळी घेऊन घरधनीण एकेकीला लावत येते आणि माझ्यासमोर आली की तिचा हात हवेत थांबतो. तिची नजर माझ्या गळ्यावर जाते, मंगळसूत्र नाही हे दिसतं आणि बिचारी ओशाळते. तो हात थांबलेला बघायला लागू नये म्हणून मी थाळी दिसली रे दिसली की पर्समधून फोन काढते, "हॅलो, हां बोला" म्हणत बाहेर ओसरीवर जाते. तिकडे कुणी नसतंच. इतक्या वर्षांत माझं हे तंत्र एकदाही फसलं नव्हतं, आणि मला त्याचा थोडा अभिमानसुद्धा होता.

तर ती सहल.

आमच्या कॉलेजातून रिटायर झालेले इतिहासाचे कुलथे सर कोकणात जाऊन आले. तिथं समुद्रकाठच्या कुठल्याशा गावात जुनी घरं फिरून दाखवतात म्हणे... कुणाचं शिसवी खांबांचं, कुणाचं चिऱ्यांचं. घरमालक स्वतः सगळं दाखवतो आणि वर कोकम सरबत देतो. सर पेटूनच आले. "आपल्याकडे समुद्र नाही, पण पैनगंगा तर आहे!" म्हणाले, "आपली घरं काय कमी आहेत?" आणि फेब्रुवारीतल्या एका रविवारी त्यांनी आम्हा दहा-बारा जणांना जीपमध्ये कोंबून भीमपूरच्या बाजूला, नदीकाठच्या निंबघाटला नेलं. पलीकडच्या काठावर महाराष्ट्र. मी येणार म्हटल्यावर माझी जाऊ शोभासुद्धा आली. तिला घरांचं काही नव्हतं. रविवारी तिला घरात करमत नाही.

पहिलं घर जुन्या पाटलांचं. मधल्या दालनातले सागवानी खांब बघायला गेलो तर दालनभर छतापर्यंत कापूस. भाव पडलाय म्हणून विकला नव्हता. सर कापसात कमरेपर्यंत रुतून खांबावरची नक्षी समजावून सांगत होते आणि आम्ही हसू दाबत होतो. निघताना थाळी आली. मी फोन काढला. दुसरं घर पटवाऱ्यांचं, तिथं भिंतीतलं धान्याचं बळद पाहिलं, गुळाचा चहा झाला. थाळी आली. मी फोन काढला. शोभा मात्र प्रत्येक घरात मनापासून कुंकू लावून घेत होती आणि प्रत्येक बाईला सांगत होती, "आमच्या पुतनीचं लगन आहे बरं वैशाखात. कन्यादान आमीच करून राह्यलो."

तिसरं घर म्हणजे सरांचा हुकमाचा एक्का. करोडगिरीचं घर. निजामाच्या काळात नदीच्या अलीकडे निजामाचं राज्य आणि पलीकडे इंग्रजांचा वऱ्हाड. नदी ओलांडून माल आला की त्यावर जकात. त्या जकात खात्याला करोडगिरी म्हणत, आणि तिथला नाकेदार या घरात राहायचा. पुढे ओसरी, मग एक ठेंगणं दार, आत माजघर, आणि बस्स. माजघराला नदीच्या बाजूनं एक खिडकी, तिला मनगटाएवढे लोखंडी गज. "या घराला मागचं दार नाही," सर म्हणाले. "मुद्दामच ठेवलं नाही. पकडलेला माल मागच्या मागे पसार होऊ नये म्हणून. आत गेलेलं सगळं याच दारातून बाहेर येणार." हे वाक्य नीट लक्षात ठेवा.

घरात बऱ्याच वर्षांपासून कुणी राहत नाही. किल्ली शेजारच्या कौसाबाईंकडे. त्यांनी आमच्यासमोर कुलूप काढलं. सगळ्यांनी वाकून आत डोकावलं, अंधार आणि धूळ बघून "छान, छान" म्हटलं आणि सरांच्या मागे घाटाकडे गेले, कारण तिथं मालाच्या नावा बांधायचे दगड आहेत. शोभाचे पाय दुखायला लागले होते. ती ओसरीवर कौसाबाईंशेजारी बसली आणि लगेच, "आमच्या पुतनीचं..." सुरू झालं.

मला ते तिसऱ्यांदा ऐकवेना. मी दारात चपला काढल्या, सवयीनं, आणि वाकून आत गेले.

आत सुपाचा आवाज येत होता.

डोळे अंधाराला सरावले तेव्हा दिसलं, खिडकीखाली एक बाई तूर पाखडत बसलेली. मला काहीही विचित्र वाटलं नाही, हे मी पुन्हा पुन्हा सांगते. थंडी वाजली नाही, अंगावर काटा आला नाही. कौसाबाईंच्याच घरची कुणी असेल, घर रिकामं आहे म्हणून तूर ठेवायला वापरत असतील, असं वाटलं. उजेड तिच्या पाठीमागून येत होता, त्यामुळे चेहरा नीट दिसला नाही. दिसले ते हात. वयस्कर, कामाचे, कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या.

"ये माय, बस," ती म्हणाली. "उन्हाची फिरून राह्यली."

मी बसले. जमिनीवरच. "घरची तूर का?" म्हणून विचारलं.

"घरचीच. औंदा बरी झाली."

एवढंच बोलणं. मग ती पाखडत राहिली आणि मी बघत बसले. इतकं निवांत मला कितीतरी महिन्यांत वाटलं नव्हतं. बाहेर शोभाचा आवाज चालू होता, तोसुद्धा टोचेनासा झाला. थोड्या वेळानं मी उठायला लागले.

"थांब. तशी नको जाऊ." तिनं कोनाड्यात हात घातला आणि कुंकवाचा करंडा काढला.

माझा हात आपोआप पर्सकडे गेला. फोन काढला... पण 'हॅलो' म्हणून जायचं कुठं? खोलीत आम्ही दोघीच, आणि मी तिच्यासमोर हातभर अंतरावर. तंत्र पहिल्यांदा फसलं. मग मी जे इतकी वर्षं कुणालाच तोंडानं सांगितलं नव्हतं ते सरळ सांगितलं. "मला नका लावू. माझे मिस्टर नाहीत."

तिचा हात थांबला नाही. खरं सांगते, क्षणभरसुद्धा नाही.

"मंग?" ती म्हणाली. "पोरीची माय हायेस ना?"

आणि अंगठा टेकला. आधी काहीतरी गार, चिकट. मग कोरडं कुंकू, गोल फिरवत. मी मान खाली घातली कारण डोळे भरून आले होते. तशी म्हणाली, "खाली नको पाहू. सांडते."

मी बाहेर आले. शोभा बोलता बोलता थांबली. ज्यांनी तिला पाहिलंय त्यांना कळेल, ही किती मोठी गोष्ट आहे.

"ताई... हे कोणी लावलं?"

"आतल्या बाईंनी."

"कोण्या बाईनं?" कौसाबाई म्हणाल्या. "आत कोणी नाई वो. कुलूप तर तुमच्यासमोरच काढलं मी."

आम्ही तिघी आत गेलो. कोणी नव्हतं. सूप नाही, तूर नाही, कोनाडा रिकामा. मी फोनचा टॉर्च लावला. जमिनीवर बोटभर धूळ. तीत माझ्या अनवाणी पावलांचे ठसे आत गेलेले, मी बसले तिथं साडीनं पुसल्यासारखी जागा, आणि तिथून बाहेर आलेले ठसे. खिडकीखालची धूळ जशीच्या तशी. गज हलवून पाहिले, जागचे हलले नाहीत. दार एकच, आणि त्या दारापाशी या दोघी बसलेल्या.

आता गंमत बघा. आमच्या दोघींत देव-देव करणारी शोभा. उपास, नवस, लिंबू-मिरची, सगळं तिच्याकडे. पण त्या दिवशी सायन्स तिनं हातात घेतलं. "ताई, चौकट लागली तुमच्या डोक्याला," ती ठामपणे म्हणाली. "पाहा, वर कुंकू लावलेलं आहे." खरंच होतं. कौसाबाई दर दसऱ्याला त्या चौकटीला कुंकवाची बोटं लावत. "तेच लागलं. बाकी सारं ऊन. तुमी सकायपासून काई खाल्लं का?"

माझाच प्रश्न माझ्यावर! एरवी मी टाळ्या वाजवल्या असत्या. पण मी फिजिक्सची बाई आहे, पडताळणी केल्याशिवाय सोडत नाही. मी त्या दारातून पुन्हा पुन्हा आत-बाहेर केलं. वाकलं की चौकट टाळूला लागते, कपाळाला लागतच नाही. शोभाला पाठवलं, तिच्याही टाळूलाच. तेवढ्यात घाटावरून मंडळी आली, मी कुलथे सरांनाही वाकायला लावलं. सरांच्या टकलावर चुना लागला. कुंकवाचा कणसुद्धा नाही. दसऱ्याचं कुंकू फेब्रुवारीपर्यंत लाकडात मुरून गेलं होतं. मी बोट घासून पाहिलं, बोट कोरडंच.

परतीच्या वाटेवर जीपमध्ये शोभा मधूनमधून माझ्या कपाळाकडे बघत होती. मी ते पुसलं नाही. का नाही पुसलं, विचारू नका.

पुसलं संध्याकाळी, घरी, आरशासमोर. टिश्यूनं. कुंकू निघालं आणि त्याखाली पिवळट, चिकट थर. मी तो बोटांत चोळला, वास घेतला आणि पलंगावर बसले.

मेण होतं.

नवीन पोरींना माहीत नसेल, म्हणून सांगते. पूर्वी बायका कपाळाला आधी मेण लावत आणि त्यावर कुंकू टेकवत, म्हणजे ते दिवसभर टिकायचं. माझी आत्या तसं लावायची, मी लहानपणी तिच्या मांडीवर बसून बघितलंय. ती गेल्यापासून मी मेणावर लावलेलं कुंकू कुठंच पाहिलेलं नाही. आता टिकल्यांची पाकिटं असतात. निंबघाटच्या त्या दोन्ही घरांतल्या थाळ्यांत मेण नव्हतं, शोभाला मी खोदून खोदून विचारलं. दुसऱ्या दिवशी टिश्यू केमिस्ट्रीच्या सरांना दाखवला. कसलासा प्रयोग करून म्हणाले, "मधमाशांचं मेण आहे मॅडम, अगदी शुद्ध. कुठून आणलंत? मलाही हवंय."

तुम्ही म्हणाल, मला पोरगी आहे हे तिला कसं कळलं? ते मी सोडवलेलं आहे. शोभा ओसरीवर ओरडून सांगत होती, नदीपलीकडे यवतमाळपर्यंत ऐकू गेलं असेल. त्याला मी अमानवीय म्हणत नाही. पण मेण? धूळ? एकच दार?

असो. पण खरी गोष्ट त्याच्या पुढची आहे.

पुढच्या रविवारी मी दिरांकडे गेले आणि चहा यायच्या आधीच म्हटलं, "भाऊजी, कन्यादान मी करणार."

दीर पंख्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "वयनी, भटजी काय म्हणतील?"

"मी विचारून आले. ते म्हणाले, मुहूर्त चुकवू नका, बाकी तुमचं तुमी पाहा."

दिरांनी मान डोलावली. त्यांना एवढंच हवं होतं बहुतेक. पण शोभा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हातात चहाचे कप. "मला दोन पोरंच आहेत, ताई," ती म्हणाली. "पोरगी नाई. मले वाटलं होतं, एकदा तरी... मी शालू बी घेऊन ठेवला."

हे मला कधी सुचलंच नव्हतं. ती गावभर सांगत फिरत होती, तो मला तोरा वाटत होता. हौस होती ती. मी उठून तिच्या हातातले कप घेतले. म्हटलं, "शोभा, कन्यादानात बाप ओंजळ धरतो आणि आई वरून पाण्याची धार सोडते. ओंजळ मी धरीन. धार तू सोड. शालू नेसूनच ये."

ती रडली. मीही. दीर पुन्हा पंख्याकडे बघायला लागले.

पत्रिका छापून आल्या. देवाला पहिली, कुलदैवताला दुसरी, मग नातेवाईक, तशा आम्ही वाटत होतो. एका संध्याकाळी शोभा म्हणाली, "ताई, निंबघाटले नाई जायचं का?"

"तिथं आपलं कोण आहे?"

"तुमालेच ठाऊक."

गेलो. कौसाबाईंनी कुलूप काढलं. मी वाकून आत गेले, खिडकीखाली पत्रिका ठेवली, वर अक्षता, एक खण. "वैशाखात आहे, यायचं बरं का," असं मोठ्यानं म्हटलं. फिजिक्सची लेक्चरर, रिकाम्या खोलीला आमंत्रण देतेय! मागे शोभा ओठ दाबून उभी होती. मी विचारलं, "हसतेस का?"

"हसून नाई राह्यली," ती म्हणाली. "विश्वास नाई तं मंग काऊन आल्या?"

"बोलावणं द्यायचं राहिलं होतं," मी म्हटलं. सूप वाजलं नाही, कुणी दिसलं नाही, नदीवरून गरम हवा तेवढी येत होती. पुढे कौसाबाईंनी गावात विचारून पाहिलं. नाकेदारांपैकी कुणाच्या बायकोबद्दल कुणालाच काही माहिती नाही. ती बाई कोण होती, होती की नव्हती, माझ्याकडे स्पष्टीकरण नाही. तुमच्यापैकी कुणाकडे असेल तर जरूर सांगा, फक्त चौकटीचं सोडून.

आणि लग्नाचा दिवस. मांडवात गर्दी, निम्मी मराठी, निम्मी तेलुगू, कॉलेजची पोरं "मॅडमगारू, मॅडमगारू" करत फोटो काढत होती. कन्यादानाआधी बायकांना कुंकू लावायला थाळी निघाली. लांबून थाळी दिसली आणि माझा हात पर्सकडे गेला. इतक्या वर्षांची सवय ती. पर्स नव्हती. शोभानं सकाळीच काढून घेतली होती, "आज कोणाचा फोन घ्यायचा नाई" म्हणून. म्हणजे माझं तंत्र तिला पहिल्यापासून माहीत होतं.

थाळी तिच्याच हातात होती. एकेकीला लावत ती माझ्यापर्यंत आली. मागच्या खुर्च्यांवरच्या दोन-तीन बायका कुजबुजल्या, ते मला ऐकू आलं. मृण्मयी बोहल्यावरून बघत होती. शोभाचा हात थांबला नाही. अंगठा टेकला, आणि माझी मान आपोआप खाली जायला लागली.

"ताई," ती हळूच म्हणाली, "खाली नोका पाहू. सांडते."

हे वाक्य मी तिला कधीच सांगितलेलं नव्हतं. बाकी सगळं सांगितलं होतं, हे नाही. आता कुंकू लावताना सगळ्याच बाया असं म्हणत असतील, म्हणत असतील बुवा, मी वाद घालणार नाही.

मी खाली पाहिलं नाही.